व्हिएतनामला इंग्रजी शिकवायला जाऊ का? आधी परमिट, मग तिकीट

वाचकाचं पत्र:

ताई नमस्कार, मी परभणी जिल्ह्यातली, वय २६. नांदेड विद्यापीठातून इंग्रजीत एमए केलं, मग बीएड. सध्या गावातल्याच इंग्लिश मीडियम शाळेत ११ हजारावर आहे आणि संध्याकाळी घरी ट्यूशन घेते. संभाजीनगरच्या एका एजंटनं व्हिएतनाममधल्या प्रायव्हेट लँग्वेज सेंटरची ऑफर आणलीय, महिन्याला २ कोटी डोंग, म्हणजे पासष्ट-सत्तर हजार रुपये होतेत म्हणतो. त्याची फी १ लाख ८० हजार, अर्धी आत्ता अर्धी व्हिसा आल्यावर. ई-व्हिसावर जा, वर्क परमिट तिथं गेल्यावर सेंटर काढून देतं, सगळे असंच जातेत, असं सांगायलाय. काँट्रॅक्ट दोन पानांचं आहे, 'आठवड्याला २५ तासांपर्यंत' लिहिलंय. पहिल्या दोन महिन्यांचा अर्धा पगार सिक्युरिटी म्हणून ठेवून घेणार, मधेच सोडलं तर तो जप्त आणि वर एक महिन्याच्या पगाराएवढा दंड. पासपोर्ट आणि ओरिजिनल डिग्री ऑफिसात जमा करायची. अप्पा सावकाराकडून पैसे काढायला तयार झालेत, आई नको म्हणायलीय. मैत्रीण म्हणते कोरियाला ट्राय कर, तिकडं जास्त पैसा आहे. आणि खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त भीती ही वाटते की मी मराठी मीडियमची, रंगानं सावळी, ती लेकरं आणि त्यांचे आईबाप मला बघून काय म्हणतील. दहा दिवसात कळवायचंय. जाऊ का?

उत्तर:

पोरी, आधी उत्तर देते, मग कारणं सांगते, कारण तुझ्याकडं दिवस कमी आहेत. व्हिएतनामला जायला माझी हरकत नाही, उलट एमए बीएड झालेल्या पोरीनं ११ हजारावर झिजत बसण्यापेक्षा दोन-तीन वर्षं बाहेर शिकवून यावं असंच मला वाटतं. पण ह्या काँट्रॅक्टवर, ह्या व्हिसावर आणि ह्या एजंटच्या हातानं जाऊ नको. अप्पांना आजच सांग की सावकाराकडं जाऊ नका. त्या सेंटरनं तुझ्या नावानं वर्क परमिटची प्रोसेस सुरू केल्याचा कागद आणि दुरुस्त केलेलं काँट्रॅक्ट, हे दोन्ही हातात येईपर्यंत कुणालाच एक रुपया द्यायचा नाही.

एजंटचं आधी बघू. परदेशात नोकरीला माणसं पाठवायचा धंदा करणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टप्रमाणं परराष्ट्र खात्याकडं रजिस्टर व्हावं लागतं, आणि असा रजिस्टर्ड एजंट सुद्धा उमेदवाराकडून सर्व्हिस चार्ज म्हणून जास्तीत जास्त ३० हजार अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५ हजार ४०० एवढेच घेऊ शकतो, पावतीसकट. तो तुला १ लाख ८० हजार मागायलाय. म्हणजे रजिस्टर्ड असला तरी पाचपट घेतोय आणि नसला तर त्याला हे कामच करता येत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाईटवर रजिस्टर्ड एजंटांची यादी आहे, त्यात त्याचं नाव आणि लायसन्स नंबर शोध, दहा मिनिटाचं काम आहे. तो म्हणंल मी रिक्रूटमेंट करत नाही, माझी कन्सल्टन्सी आहे, मी डॉक्युमेंटेशनचे पैसे घेतो. हे उत्तर सगळेच देतेत. पाटी कन्सल्टन्सीची लावली तरी नोकरी लावून द्यायचेच पैसे घेतोय ना तो? शंका असंल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर आहे, १८०० ११ ३०९०, तिथं फोन करून विचार, लाजू नको. आणि अजून एक, लँग्वेज सेंटरं माणूस आणून देणाऱ्याला स्वतःच कमिशन देतेत बऱ्याचदा, म्हणजे तुझ्या एका नोकरीचे दोन्हीकडून पैसे घेतले जायची पण शक्यता आहे.

आता व्हिसा, आणि हा भाग शांतपणे वाच कारण बाकीचं सगळं ह्याच्यावर उभं आहे. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांचा मिळायला लागला, ऑनलाईन अर्ज केला की थोड्या दिवसात येतो, म्हणून एजंटांना तो फार सोयीचा झालाय. पण तो व्हिसा घेऊन तू तिथं शिरू शकतीस, काम करू शकत नाहीस. कामाला वर्क परमिट लागतं आणि ते सेंटरनं काढायचं असतं. परमिट नसताना काम करताना सापडलं तर कामगाराला दीड ते अडीच कोटी डोंग दंड आणि वर देशाबाहेर काढतेत. दीड ते अडीच कोटी म्हणजे तुझा जवळजवळ एक महिन्याचा अख्खा पगार. सेंटरलाही दंड आहे, पण सेंटर तिथलंच, ते दंड भरून दुसऱ्या दिवशी शटर उघडतं, तुला मात्र बॅग भरून परत यावं लागतं आणि इकडं सावकार बसलेलाच असतो.

एजंट म्हणतो सगळे असंच जातेत. त्यात थोडं खरं आहे, ते मी लपवत नाही. बरेच जण ई-व्हिसावर जातेत, सेंटर नंतर कागद करतं आणि काहींना परमिट मिळतं सुद्धा. पण मधला जो काळ असतो ना, दोन महिने, चार महिने, कधी सहा महिने, त्या काळात सेंटरनं पगार उशिरा दिला, तास कमी केले, रविवारी बोलावलं, काही केलं तरी तू बोलू शकत नाहीस, कारण लेबर ऑफिसात तक्रार करायला गेलीस तर पहिला प्रश्न तुझ्या परमिटचा येतो. सेंटर चालवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. मी स्वतः बँकॉकच्या एका लँग्वेज स्कूलमधे शिकवलंय, तिथं परमिटवाले आणि बिगर परमिटवाले शेजारी शेजारी बसायचे, पुस्तक तेच, लेकरं तीच, पण मिटिंगमधे तोंड उघडायची हिंमत फक्त परमिटवाल्यांची. बाकीचे मान खाली घालून एक्स्ट्रा क्लास घ्यायचे. त्यात हुशार माणसं होती गं, माझ्यापेक्षा चांगलं शिकवणारी.

आणि परमिट असलं की तुझ्यामागं काय उभं राहतं ते बघ. व्हिएतनामचा लेबर कोड २०१९ चा आहे, १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला, आणि परदेशी कामगारालाही लागू आहे. त्यात सरळ लिहिलंय की मालकानं कामगाराची ओरिजिनल ओळखपत्रं, डिग्र्या, सर्टिफिकेटं ठेवून घ्यायची नाहीत. करार पाळायची हमी म्हणून पैसे अडकवून ठेवायचे नाहीत. प्रोबेशनमधे कमीत कमी ८५ टक्के पगार द्यायचा आणि तुझ्यासारख्या पदवीच्या कामाला प्रोबेशन ६० दिवसांच्या वर ठेवायचं नाही. पगार कितीही अडचण असली तरी ३० दिवसांपेक्षा जास्त लांबवायचा नाही आणि १५ दिवस किंवा जास्त लांबला तर वर व्याज द्यायचं. पगार पूर्ण किंवा वेळेवर दिला नाही तर कामगार नोटीस न देता सोडू शकतो. एक ते तीन वर्षाच्या करारात एरवीही ३० दिवसांची नोटीस दिली की सोडता येतं. आता तुझं दोन पानी काँट्रॅक्ट ह्याच्याशेजारी ठेव. पासपोर्ट-डिग्री जमा, अर्धा पगार सिक्युरिटी, सोडलं तर जप्ती आणि दंड. तिन्ही कलमं त्या देशाच्याच कायद्याच्या विरुद्ध आहेत. म्हणजे काँट्रॅक्ट लिहिणाऱ्याला एकतर कायदा माहीत नाही, नाहीतर तू परमिटशिवाय येणार आणि कुठंच दाद मागणार नाहीस हे त्यानं धरूनच ठेवलंय. ह्या दोन्हीतलं दुसरं कारणच मला खरं वाटतंय.

आपल्याकडं ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून उचल घेतेत आणि मग ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, हे तुला परभणी-बीड पट्ट्यातलीला वेगळं सांगायला नको. इथं तर उलटी उचल आहे, म्हणजे पैसे तुझेच, तूच त्यांच्याकडं ठेवायचे, आणि अडकायचं पण तूच. घरी सावकाराचं व्याज चालू, तिकडं अर्धा पगार अडकलेला, पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात. असा अडकलेला माणूस कुठल्याही अटीला हो म्हणतो. पासपोर्टचं तर एकच लक्षात ठेव, तो भारत सरकारचा आहे, व्हिसाच्या कामाला दोन-चार दिवस लागला तर पोचपावती घेऊन द्यायचा आणि परत घ्यायचा, कपाटात ठेवायला द्यायचा नाही.

तासांकडं ये आता. पगाराचा आकडा बघून सगळ्यांचे डोळे दिपतेत आणि तासांचं कलम कुणी वाचत नाही, आणि माझ्या अनुभवात भांडणं सगळी तासांवरून होतेत. 'आठवड्याला २५ तासांपर्यंत' ह्यात 'पर्यंत' आहे. म्हणजे २५ च्या वर नाही, खाली कितीही. सेंटरला विद्यार्थी कमी आले तर १४ तास मिळतील आणि पगार १४ तासांचा. म्हणून विचार की २ कोटी फिक्स आहेत का तासावर आहेत, आणि तासावर असतील तर कमीत कमी किती तासांची गॅरंटी. गॅरंटीचा आकडा काँट्रॅक्टमधे आला पाहिजे, फोनवर सांगितलेला चालत नाही.

दुसरं म्हणजे २५ तास हे फक्त वर्गात उभं राहायचे असतेत. लँग्वेज सेंटर म्हणजे आपल्या भाषेत क्लासेस, शाळा सुटल्यावर आणि शनिवार-रविवार चालणारे. म्हणजे आठवडाभर संध्याकाळी साडेपाच-सहा ते रात्री नऊ, आणि शनिवार-रविवार सकाळी आठपासून रात्रीपर्यंत, मधे दुपारी दोन-तीन तास रिकामे ज्यात घरी जाऊन येणं परवडत नाही आणि बसायला धड जागा नसते. सुट्टी सोमवारी किंवा मंगळवारी, जेव्हा बाकी सगळ्यांचं काम चालू असतं. लातूरला क्लासेसमधे शिकवणाऱ्यांचं आयुष्य बघितलं असशील तर अंदाज येईल. मग लेसन प्लॅन, वह्या तपासणं, दर महिन्याला प्रत्येक लेकराचा रिपोर्ट, आईबापांना भेटणं, नवीन लेकरांची लेव्हल टेस्ट, फुकटचे डेमो क्लास, सणाचे कार्यक्रम, कधीकधी मॉलसमोर उभं राहून जाहिरातीची पत्रकं वाटणं सुद्धा. हे सगळं २५ मधे धरलंय का वेगळे पैसे आहेत का 'टीचरचं कर्तव्य' म्हणून फुकट? लेखी विचार. 'ऑफिस आवर्स' असं काही लिहिलं असंल तर ते किती हे पण विचार, कारण काही सेंटरं २५ तास शिकवणं अधिक १५ तास ऑफिसात बसणं असं करून ४० करतेत. ते वाईटच असतं असं नाही, पण तुला आधी माहीत असलं पाहिजे. कायद्यानं आठवड्याला ४८ तासांच्या वर काम नाही, वर्षाला १२ दिवस पगारी रजा आणि सरकारी सुट्ट्या वेगळ्या, त्यातल्या ५ तेतच्या, म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाच्या. पण सेंटर तेतला दोन-दोन आठवडे बंद ठेवतेत आणि तासावरच्या लोकांना त्या दिवसांचे काहीच मिळत नाही, तर फेब्रुवारीच्या आसपासचा महिना अर्धा पगार धरूनच हिशेब कर.

हिशेबाचं निघालंच तर, २ कोटी टॅक्स कापायच्या आधीचे का नंतरचे? त्या देशात १८३ दिवसांपेक्षा कमी राहणाऱ्या परदेशी माणसाला पगारावर सरसकट २० टक्के टॅक्स आहे, आणि नवीन माणसाचे पहिले काही महिने ह्याच दरानं कापणारी सेंटरं असतेत. २० टक्के गेले की १ कोटी ६० लाख राहिले, त्यातून खोलीभाडं, खाणं, जाणं-येणं. पहिला पगारही महिना संपून वर दहा-पंधरा दिवसांनी मिळतो. त्यामुळं जाताना दोन महिन्याचा खर्च आणि परतीच्या तिकिटाचे पैसे स्वतःच्या खात्यात हवेत, आणि त्या तिकिटाच्या पैशांना कशासाठीही हात लावायचा नाही, आजारी पडलीस तरी घरून मागव पण ते राहू दे.

सेंटर बुडालं तर काय, हे कुणी विचारत नाही म्हणून मी सांगते. जपानमधे नोव्हा नावाची इंग्रजीच्या क्लासेसची सगळ्यात मोठी चेन होती, गल्लोगल्ली शाखा, ऑक्टोबर २००७ मधे कोसळली आणि हजारो परदेशी शिक्षकांचे पगार बुडाले, कित्येकांचं राहायचं घर कंपनीकडून होतं ते पण गेलं. तिथल्या युनियननं मग जेवणाच्या बदल्यात इंग्रजीचा तास अशी मोहीम चालवली. व्हिएतनाममधे ॲपॅक्स लीडर्स ही अशीच देशभर पसरलेली चेन, २०२२-२३ मधे शिक्षकांचे पगार थकले, आईबाप फी परत मागत सेंटरसमोर उभे राहिले, आणि मार्च २०२४ मधे कंपनीच्या प्रमुखाला फसवणुकीच्या आरोपावरून अटक झाली. दोन्हीकडं आईबापांकडून किंवा विद्यार्थ्यांकडून वर्ष-वर्षाची फी ॲडव्हान्स घेतलेली होती. त्या पैशातून नवीन शाखा काढायच्या, नवीन शाखेची ॲडव्हान्स फी जुन्या शाखेच्या पगाराला वापरायची, आणि ज्या दिवशी नवीन ॲडमिशन थांबतेत त्या दिवशी सगळं थांबतं. अशा वेळी सेंटर चालवणारा सगळ्यात आधी भाडं देत नाही आणि पगार देत नाही. म्हणून सेंटर किती मोठं, किती चकचकीत ह्यावर जाऊ नको. तिथं आत्ता शिकवणाऱ्या दोन परदेशी शिक्षकांचे नंबर माग, एक आत्ताचा आणि एक सोडून गेलेला, आणि त्यांना एकच गोष्ट विचार, मागच्या सहा महिन्यात पगार कुठल्या तारखेला झाला. तारीख दर महिन्याला पुढं सरकत असंल, किंवा पगार दोन हप्त्यात व्हायला लागला असंल तर तिकडं जाऊ नको. नंबर द्यायला सेंटर तयार नसंल तरी तेच.

कोरियाचं लवकर सांगते. तिथल्या खाजगी क्लासेसमधे इंग्रजी शिकवायचा जो ई-२ व्हिसा आहे तो सातच देशांच्या लोकांना मिळतो, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नाही. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारात शिक्षकाचं लायसन्स असलेल्या भारतीयांना सरकारी शाळांत असिस्टंट टीचर म्हणून जायची वाट ठेवलीय, पण ती क्लासेसची नाही आणि कुणी एजंट 'कोरियाच्या अकॅडमीत लावतो' म्हणाला तर तो खोटं बोलायलाय. जपानला शाळेत शिकवायच्या व्हिसाला १२ वर्षं इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा पुरावा मागतेत, तू जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतली असशील तर तिथं दार बंदच. चीनमधे परमिट मुख्यतः त्याच सात देशांच्या पासपोर्टला आणि २०२१ मधे सरकारनं शाळकरी लेकरांचे खाजगी क्लासेसच आवळून टाकले. म्हणजे आपल्यासाठी व्हिएतनाम, थायलंड, कंबोडिया हेच राहतं, आणि त्यात व्हिएतनाम तुझी निवड चांगली आहे.

पण कंबोडियाचं नाव घेतलंय तर हे पण ऐक आणि घरच्यांनाही वाचून दाखव. इंग्रजी येणाऱ्या पोरापोरींना चांगल्या पगाराचं आमिष दाखवून थायलंडमार्गे म्यानमारच्या सीमेवर, नाहीतर कंबोडियात नेतेत, तिथं कोंडून ऑनलाईन फसवणुकीचं काम करायला लावतेत. मार्च २०२५ मधे हवाई दलाची विमानं पाठवून ५०० च्या वर भारतीय थायलंडमधून परत आणावे लागले. तुझी ऑफर तसली आहे असं मी म्हणत नाही. पण ऐनवेळी तिकीट हनोई किंवा हो ची मिन्ह सिटीच्या ऐवजी बँकॉकचं निघालं आणि 'तिथून आमचा माणूस गाडीनं नेईल' म्हणाले, तर मुंबईच्या विमानतळावरूनही माघारी फिर. सेंटरशी व्हिडिओ कॉल कर, वर्ग चालू असताना, चालू वर्ग दाखवा म्हण. चांगलं सेंटर खुशीनं दाखवतं.

आता तुझ्या भीतीचं. पोरी, ह्याचं गोड उत्तर माझ्याकडं नाही. ह्या धंद्यात पगार आधी पासपोर्ट बघून ठरतो, मग चेहरा बघून, आणि शिकवणं त्याच्या नंतर येतं. जाहिरातीत 'फक्त नेटिव्ह स्पीकर', म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच, असं लिहितेत, अर्जासोबत फोटो मागतेत, आणि एकाच वर्गाला गोऱ्या शिक्षकाला जे मिळतं त्यापेक्षा फिलिपिनो आणि भारतीयांना बरंच कमी देतेत. हे अन्यायाचं आहे आणि मला त्याचा आजही राग येतो. काही आईबाप पहिल्या दिवशी तोंडावर विचारतील की गोरी टीचर का नाही. विचारतील, आणि तुला त्या रात्री रडू येईल, हे धरूनच जा. पण त्याच आईबापांना मी तीन महिन्यांनी एखाद्या फिलिपिनो मॅडमसाठी भांडताना बघितलंय, कारण लेकरू घरी येऊन इंग्रजीत बोलायला लागलं होतं. ज्या माणसाला इंग्रजी आईच्या दुधाबरोबर मिळाली त्याला 'इथं डझ का आणि डू का नाही' हे सांगता येतंच असं नाही. तू ते पाचवीत-सहावीत घाम गाळून शिकलीस, लेकरू कुठं अडतंय ते तुला चेहऱ्यावरून कळतं. साठ लेकरांचा वर्ग एकटीनं सांभाळलेल्या बाईला पंधरा-वीस लेकरांची भीती वाटायचं कारण नाही. उच्चारावर काम कर मात्र, रोज अर्धा तास स्वतःचं वाचन रेकॉर्ड करून ऐक, 'व्ही' आणि 'डब्ल्यू', 'स्कूल'च्या आधी 'इ' लागतो का, ते बघ. सराव केला की महिन्या-दोन महिन्यात फरक पडतो.

एक गोष्ट मात्र करायची नाही. काही सेंटरं सांगतेत की आईबापांना म्हणा तुम्ही लंडनच्या आहात, दक्षिण आफ्रिकेच्या आहात. नाही म्हणायचं. तू परभणीची आहेस, भारतातली आहेस, एमए बीएड आहेस. एकदा खोटं सांगितलं की ते सेंटरच्या हातात राहतं आणि वेळ आली की तेच तुझ्यावर काढतेत.

कागदांना वेळ लागतो म्हणून ते आजपासून सुरू कर, हे सेंटर नाही तर दुसऱ्या सेंटरला लागतीलच. पासपोर्ट सेवा केंद्रातून पीसीसी, म्हणजे पोलिसांकडं तुझ्यावर गुन्हा नसल्याचा दाखला, काढ. डिग्रीचं व्हेरिफिकेशन विद्यापीठाकडून, मग राज्य सरकारचं आणि परराष्ट्र खात्याचं ॲटेस्टेशन, मग व्हिएतनामच्या दूतावासाचा शिक्का, त्यांचं कॉन्सुलेट मुंबईत पण आहे. कोणकोणते शिक्के लागतील ते सेंटरकडून ईमेलवर लिहून घे, म्हणजे दोनदा खर्च नको. आपण नेटिव्ह देशातले नाही म्हणून पदवीसोबत शिकवण्याचं सर्टिफिकेट आणि इंग्रजीच्या लेव्हलचा पुरावा पण मागतेत, तर टीसोलचा १२० तासांचा कोर्स आणि आयएल्ट्स, ह्या दोनवर खर्च कर. एजंटच्या १ लाख ८० हजारातल्या थोड्याशा पैशात दोन्ही होऊन जातेत आणि ते सर्टिफिकेट तुझ्याकडं राहतं. शाळेकडून अनुभवाचं पत्र लेटरहेडवर सही-शिक्क्यासह आत्ताच घे. आपल्याकडच्या संस्था नोकरी सोडल्यावर ते द्यायला चपला झिजवायला लावतेत. आणि तिथं सगळे स्कूटीवर फिरतेत, एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जायला सेंटर पण तेच धरून चालतं, पण आपल्या आरटीओचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट व्हिएतनाममधे चालत नाही, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतेत. सेंटरजवळ खोली बघ किंवा बसनं जा.

मग आता काय करायचं. एजंटला बाजूला ठेवून सेंटरला थेट ईमेल टाक, साध्या इंग्रजीत. लिही की मला काम करायचं आहे, मी तयार आहे, पण मी वर्क परमिटची मंजुरी आणि कामाचा व्हिसा आल्यावरच निघेन, कागद मी इथून पाठवते. पासपोर्ट आणि ओरिजिनल मी माझ्याकडंच ठेवेन. सिक्युरिटी आणि दंडाची कलमं काढावीत, ती तुमच्या लेबर कोडमधे बसत नाहीत. तासांची गॅरंटी, टॅक्स आधीचा का नंतरचा, आणि पगाराची तारीख काँट्रॅक्टमधे लिहावी. काँट्रॅक्ट दोन भाषांत असंल तर दोन्ही प्रती पाठवाव्यात. व्हिएतनामी प्रत कुणाकडून तरी वाचून घे, कारण वाद झाला की तीच धरतेत.

उद्धट वाटेल का म्हणून घाबरू नको. ज्याला शिक्षक पाहिजे तो दोन-चार दिवसात उत्तर देतो, थोडी घासाघीस करतो, आणि ज्याला अडकलेला माणूस पाहिजे तो गप्प होतो किंवा एजंटकरवी 'सीट जाईल' म्हणून घाई लावतो. एजंटनं घाई लावली तर त्याला सांग, लायसन्स नंबर आणि ३५ हजार ४०० ची पावती घेऊन या. आईला सांग तिचं 'नको' बरोबर होतं, निदान ह्या कागदापुरतं, आणि अप्पांना सांग सहा महिने उशीर झाला तरी पोरगी स्वतःच्या कागदावर जाईल. एप्रिलपर्यंत शाळा सोडू नको, ट्यूशनचे पैसे वेगळ्या खात्यात टाकायला लाग. सेंटरचं जे उत्तर येईल ते मला जसंच्या तसं पाठव, काँट्रॅक्टच्या पानांसकट, आपण एकेक कलम बघू.